दोन-तीनच संत धरा, पण नीट धरा

लग्न होऊन आमच्या चर्चमध्ये नव्याने आलेल्या सुना मला हमखास विचारतात, “आंटी, कुठल्या संतांची नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) लवकर पावते?” मी सांगते, लवकर पावणारा शोधत बसू नका, तुमचं ज्याच्याशी पटेल असा शोधा. आणि दोन-तीनच धरा. भिंतभर तसबिरी आणि त्यातल्या एकाचंही गाव ठाऊक नाही, याला भक्ती म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

निवडायचं कसं? बाप्तिस्म्याच्या वेळी ज्यांचं नाव मिळालं, ते तर आपले असतातच. शिवाय आपलं काम बघा. माझे वडील गिरणीत होते, मी घरी टॉवेलच्या कडा शिवते, त्यामुळे संत योसेफ आपसूकच आमच्या घरचे झाले. सुतारकाम करून मारिया आणि बाळ येशूचा संसार चालवलेला माणूस. बायबलमधली चारही शुभवर्तमानं वाचून काढा, त्यांच्या तोंडी एक शब्द सापडणार नाही. हातावर पोट असलेल्या आमच्या सोलापुरात याहून जवळचा संत कोण? त्यांचा १९ मार्चचा सण जुना आहे. १ मेचा ‘कामगार योसेफ’ हा सण मात्र बारावे पायस पोप यांनी १९५५ साली कामकरी लोकांसाठी म्हणून सुरू केला. आपल्या मराठी मातीतला संत हवा असेल, तर वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया आहेत. आधी व्यापारी, मग फ्रान्सिस्कन ब्रदर आणि जपानमध्ये दुभाषी. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्यांना क्रुसावर मारलं, १८६२ साली संतपद मिळालं.

निवड झाली की आधी चरित्र वाचा, प्रार्थना नंतर. निदान एक असा प्रसंग शोधा जो तुमच्या घरात घडू शकतो. माझी दुसरी संत म्हणजे फ्रान्समधल्या लिज्यूची छोटी तेरेझा. २४ व्या वर्षी, १८९७ साली, क्षयाने गेली. मठात गेल्यावर ना कुठे प्रवास, ना मोठं काम. मठात संध्याकाळच्या मनन-प्रार्थनेला तिच्या मागे एक सिस्टर बसायची आणि सारखा कसला तरी बारीक, किरकिरा आवाज करायची. तेरेझाला इतका त्रास व्हायचा की घाम फुटायचा. मागे वळून एकदा डोळे वटारले असते तर काम झालं असतं. तिने ते केलं नाही. तो आवाज टाळायचा सोडून ती मन लावून ऐकायला लागली आणि तेच संगीत म्हणून येशूला अर्पण केलं. हे तिनेच लिहून ठेवलंय. आमच्या भिंतीला लागून पॉवरलूम आहेत. संध्याकाळी जपमाळ हातात घ्यावी तर पलीकडे खटखट खटखट. हा प्रसंग वाचला आणि तेरेझा मला फ्रान्सची राहिलीच नाही.

आता तसबीर. घेताना चेहरा नीट बघा, छापणारे नावात हमखास घोळ घालतात. योसेफ आणि अंतोनी दोघांच्याही कडेवर बाळ येशू असतो, दोघांच्या हातात लिलीचं फूल असतं. दाढीवाले ते योसेफ. दाढी नाही, डोक्यावर गोल भादरलेलं, तपकिरी झगा आणि कमरेला गाठी मारलेली दोरी, ते अंतोनी. संत यूदा (येशूचे प्रेषित; दगा देणारा यूदा वेगळा) म्हणजे डोक्यावर ज्योत आणि छातीवर येशूच्या चेहऱ्याचं पदक. अंतोनींची तसबीर फ्रेम करायला नेली तर दुकानदाराने मला विचारलं, “मावशी, हे कुठले महाराज म्हणायचे ओ?” सांगितलं, इटलीतल्या पदुआचे. फ्रेम झाली की फादरांकडून आशीर्वादित करून घ्या.

मांडणीत खर्च नको. माझी फळी शिलाई मशीनच्या वर आहे. त्यामुळे कापसाचं तूस बसतं, काच दर शनिवारी ओल्या फडक्याने पुसावी लागते. सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याखाली मेणबत्ती उभी राहत नाही, दुपारपर्यंत कंबरेत वाकते. मार्च ते जून मी सरळ तेलाची पणती लावते. योसेफांच्या फ्रेममागे चिठ्ठ्या ठेवायची सवय मी फ्रान्सिस पोप यांच्याकडून उचलली. त्यांच्या टेबलावर झोपलेल्या योसेफांची मूर्ती असायची आणि अडचण आली की ते कागदावर लिहून तिच्याखाली सरकवायचे. २०१५ साली मनिलात त्यांनी स्वतःच हे सांगितलं होतं.

नोव्हेना म्हणजे नऊ दिवस. येशूच्या स्वर्गारोहणानंतर पवित्र आत्मा उतरेपर्यंत प्रेषित आणि मारियामाता प्रार्थनेत राहिले, तिथून ही चाल आली. सणाच्या आदल्या दिवशी नववा दिवस पडला पाहिजे. अंतोनींचा सण १३ जून, म्हणजे सुरुवात ४ जूनला. तेरेझाचा १ ऑक्टोबर, सुरुवात २२ सप्टेंबरला. योसेफांची १० मार्चला, पण आधी चर्चचं कॅलेंडर बघा. ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या रविवारी १९ मार्च आला तर सण पुढे सरकतो. २०२३ साली तो २० तारखेला झाला होता.

वेळ एकच ठेवा. मी मशीन बंद केल्यावर करते. क्रुसाची खूण, ‘हे आमच्या स्वर्गीय पित्या’, ‘नमो मारिया’, मग पुस्तकातली प्रार्थना, मग आपल्या शब्दांत एकच मागणं. नऊ दिवस तेच, रोज यादी वाढवायची नाही. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुढे चालू करा, काही पाप लागत नाही. आणि शेवट ‘आमच्यासाठी विनंती करा’ असाच करा. आराधना देवाची, संतांकडे फक्त मध्यस्थी मागायची. शेजारच्या वारकरी काकूंना हे मला समजवावं लागलं नाही. त्या म्हणाल्या, “आषाढीला सगळ्या संतांच्या पालख्या पंढरपुरात येतात, पण नमस्कार विठ्ठलालाच.”

संतांशी सौदा मात्र करू नका. हरवलेली वस्तू सापडत नाही म्हणून अंतोनींची मूर्ती उलटी टांगणारे लोक आहेत. मला ते बघवत नाही. हे अंतोनी १२३१ साली गेले आणि वर्ष पुरं व्हायच्या आत संत झाले, एवढा लोकांचा जीव त्यांच्यावर. त्यांच्या नावाने गरिबाला भाकर द्यायची पद्धत आहे, ती पाळा. माझं मागणं पुरं होवो न होवो, मंगळवारी चार भाकऱ्या जास्त थापते, वर शेंगाचटणी. अंतोनींचा वार मंगळवार. बोळात जो दिसेल त्याला देते, धर्म विचारत नाही.

राहिला मोबाइल. ‘संत यूदांची ही प्रार्थना नऊ जणांना पाठवा, नाहीतर संकट येईल’ असे मेसेज येतात. संत कुणाला धमकी देत नाहीत. डिलीट करा. मी डिलीट करते आणि पाठवणारीला फोन लावून विचारते, “काय अडचण आहे गं? नोव्हेनेत तुझं नाव घालू का?”