साताऱ्याहून बर्फाच्या देशात: निवृत्तांचा पहिला हिवाळा

साताऱ्यात पारा १२ वर आला की कानटोप्या बाहेर निघतात. लेकीकडे टोरांटोला उणे १५ असणार, म्हणून बॅगेत स्वेटरच कोंबू नका. तिथली घरं उबदार असतात आणि थंडीला कपड्यांनी आवर घालता येतो. साठीनंतर खरी भीती घसरण्याची. खुब्याचं हाड मोडलं की अख्खा हिवाळा पलंगावर.

तिकीट शक्यतो ऑक्टोबरचं काढा. रस्ते कोरडे असतानाच आसपासचे चढउतार ओळखीचे होतात. निघण्यापूर्वी महिनाभर ओट्याला हात टेकून रोज एकेका पायावर अर्धा मिनिट उभं राहा, तोल सुधारतो.

इथून न्यायचं ते थर्मल आणि लोकरीचे मोजे. अंगालगत सुती बनियन नको: सूत घाम धरून ठेवतं, लवकर वाळत नाही आणि ओलं अंग गार पडतं. थर्मलवर लोकरी स्वेटर, त्यावर वारा-पाणी अडवणारा, कमरेखाली येणारा कोट. कोट आणि बूट तिथेच घ्या. बूट जाड मोजे घालून बघायचे. बोटं आत हलली पाहिजेत. घट्ट बुटात रक्त नीट फिरत नाही आणि पाय गारठतात. साडी घरात नेसावी. बाहेर निऱ्या भिजतात आणि पायातही येतात.

ताज्या भुसभुशीत बर्फावर पाय बऱ्यापैकी धरतो. घात करतो तो पातळ, पारदर्शक थर. दुपारी वितळलेलं पाणी रात्री गोठतं आणि सकाळी डांबर नुसतं ओलं दिसतं. म्हणून फेरी सकाळी सहाला नको, अकराला. पावलं छोटी, तळवा सपाट, हात खिशाबाहेर. बुटांवर चढवायचे काटेरी पट्टे मिळतात, ते जरूर घ्या. मात्र दारातच काढा, फरशीवर तेच घसरतात. पायऱ्यांवर मीठ टाकतात, पण साधं मीठ साधारण उणे ९ च्या खाली फारसं चालत नाही. तेव्हा वाळू पसरा.

फावड्याने बर्फ काढायचं काम जावयावर सोडा. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, त्यात जोर लावला की हृदयावर ताण येतो. रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर फावड्याला हातच लावू नये. छातीत दुखलं तर लगेच ९११ या तिथल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

निघताना तापमानासोबत वाराही बघा: उणे १० ला ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर उणे २० सारखं झोंबतं. कान-बोटं पांढरी, बधिर झाली तर आत या आणि कोमट पाण्यात धरा. चोळू नका, हीटरवरही शेकू नका. बधिर कातडी भाजलेली कळत नाही. मधुमेह्यांनी रोज रात्री तळपाय तपासावेत.

हीटरमुळे घरातली हवा कोरडी पडते. घोळणा फुटतो, टाचा भेगाळतात. आर्द्रता ३० ते ४० टक्के राहील असं यंत्र लावा. त्याहून जास्त झाली तर खिडक्यांवर पाणी साचून बुरशी धरते. खोबरेल २४ अंशांखाली थिजतं, बाटलीतून निघतच नाही. रुंद तोंडाच्या डब्यात भरा किंवा तिळाचं तेल ठेवा. अंघोळ कोमट पाण्याने, आणि तेल अंग ओलसर असतानाच.

बर्फ पडून गेल्यावर लख्ख ऊन पडतं, तो दिवस घरात घालवू नका. गॉगल हवाच, ताजा बर्फ बरंचसं ऊन डोळ्यांवर परतवतो. बाहेर जाणं अशक्यच असेल तेव्हा मॉलमध्ये फेऱ्या मारा. डिसेंबरात पाचच्या आत अंधारतं, त्यामुळे वाचनालयाची चक्कर दुपारच्या जेवणाआधीच उरका.