सेट-टॉप बॉक्स आणि टीव्हीचा आवाज जुळत नसेल तर काय करावं

श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी साडेसहाला मावशीचा फोन आला. "अरे, टीव्ही एकदम ओरडला. खालचे बिऱ्हाडकरू जिना चढून बघायला आले. जरा येऊन जा ना."

इंदूरच्या रामबागेतलं तिचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या पुढे. जाऊन बघतो तर टीव्हीच्या आवाजाचा आकडा 92. रात्री मालिका बघताना तिला नीट ऐकू येईना, म्हणून ती टीव्हीचा आवाज चढवत गेली होती. सकाळी बॉक्स बंद करून टीव्हीतल्याच यूट्यूबवर तिने शंकराची आरती लावली आणि तो 92 चा आवाज जसाच्या तसा बाहेर पडला. मग बॉक्सचा रिमोट दाबून बघितला. बॉक्सचा आवाज 20 पैकी 4. सुट्टीत आलेल्या नातवाने कधीतरी कमी करून ठेवला होता, कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

इंदूरच्या माणसाला हे पाण्यावरून सांगितलं की चटकन कळतं. जलूदहून नर्मदेचं पाणी येतं, एक दिवसाआड, ते आपण गच्चीवरच्या टाकीत भरून ठेवतो. टाकीखाली एक व्हॉल्व्ह आणि स्वयंपाकघरात एक नळ. व्हॉल्व्ह अर्धा बंद असेल तर नळ कितीही सोडा, धार बारीकच. बॉक्सचा आवाज म्हणजे तो व्हॉल्व्ह आणि टीव्हीचा आवाज म्हणजे नळ. व्हॉल्व्ह एकदा उघडून विसरून जायचा, रोजचं कमी-जास्त नळावर करायचं. आवाजाच्या निम्म्याअधिक तक्रारी एवढ्यावर मिटतात असा माझा तरी अनुभव आहे.

पूर्वी ही भानगड नव्हती. केबलवाल्याची वायर थेट टीव्हीच्या मागे जायची आणि आवाज एकाच रिमोटच्या ताब्यात असायचा. केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यातल्या 38 शहरांत इंदूर होतं, मुदत 31 मार्च 2013. डब्बा घरात आला, त्याच्यामागून दुसरा रिमोट आला, आणि तेव्हापासून घरोघरी "तो नाही, दुसरा दे" सुरू झालं.

आधी पट्टी कुणाची ते बघा

काहीही उघडण्या-खोलण्याआधी हे करा. टीव्हीच्या रिमोटने आवाज एकदा वाढवा. पडद्यावर पट्टी किंवा आकडा दिसेल, त्याचा रंग आणि जागा लक्षात ठेवा. आता बॉक्सच्या रिमोटने वाढवा. वेगळ्या रंगाची, वेगळ्या जागी दुसरी पट्टी आली तर तुमचे दोन्ही रिमोट आपापला आवाज हलवतायत. दोन्ही वेळा तीच पट्टी आली तर बॉक्सचा रिमोट टीव्हीच्या आवाजाला जोडलेला आहे. एखाद्या रिमोटने पट्टीच आली नाही तर दोष रिमोटचा किंवा त्याच्या वाटेतला. आणि पट्टी हलते पण आवाज हलत नाही, तर सेटिंगचा. ही चौथी गोष्ट सगळ्यात जास्त डोकं खाते, ती पुढे सांगतो.

दोन पट्ट्या असतील तर क्रम असा ठेवा. टीव्हीचा आवाज 10-15 वर आणा. हे आधी, नाहीतर मावशीच्या घरी झालं ते तुमच्याकडे होईल. मग बॉक्सचा आवाज पूर्ण वर न्या. मग टीव्हीवर हळूहळू वाढवत तुम्हाला हवा तिथे थांबा. जोडणी एचडीएमआयच्या वायरने (चपट्या तोंडाची, चित्र आणि आवाज एकत्र नेणारी) असेल तर बॉक्स पूर्णवर ठेवायला हरकत नाही. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची जुनी वायर असेल आणि जोरात बोलताना आवाज फाटतोय असं वाटलं, तर बॉक्स दोन-तीन घरं खाली घ्या. उलट त्याच वायरीवर बॉक्स फार कमी ठेवून टीव्ही चढवलात तर आवाजाबरोबर "सूंऽऽ" अशी खरखरही मोठी होते, कारण टीव्ही आलेलं सगळंच वाढवतो.

पट्टी हलते, आवाज हलत नाही

बॉक्सची पट्टी 2 वर असो नाहीतर 20 वर, आवाज तसाच. लोक इथे रिमोट बदलतात, सेल बदलतात, केबलवाल्याशी भांडतात. बहुतेक वेळा कारण असतं डॉल्बी.

एचडीएमआयमधून बॉक्स आवाज दोन तऱ्हेने पाठवू शकतो. एक साधा, उलगडलेला, त्याला पीसीएम म्हणतात. त्यात बॉक्स आवाजाचे आकडेच लहान-मोठे करतो, म्हणून त्याचं बटण चालतं. दुसरा डॉल्बीचा, बांधलेल्या गाठोड्यासारखा. बॉक्स ते गाठोडं न सोडता टीव्हीकडे ढकलतो, उघडतो टीव्ही. न उघडलेल्या गाठोड्यातला आवाज बॉक्स कमी-जास्त करणार कसा? पट्टी नुसती शोभेची. म्हणूनच कधी कधी हे ठरावीक एचडी चॅनेलवरच होतं आणि बाकीच्यांवर बॉक्सचं बटण व्यवस्थित चालतं. त्यामुळे घरातले "काल तर चालत होतं" म्हणतात आणि ते खोटं नसतं.

उपाय: बॉक्सच्या मेन्यूत सेटिंग, त्यात ऑडिओ किंवा साउंड. तिथे "डिजिटल ऑडिओ", "एचडीएमआय ऑडिओ" किंवा "ऑडिओ आउटपुट" अशा नावाची ओळ असेल. ती "डॉल्बी", "बिटस्ट्रीम", "पास-थ्रू" किंवा "ऑटो" वर असेल तर "पीसीएम" किंवा "स्टीरिओ" करा. नावं कंपनीगणिक बदलतात, पण पीसीएम हा शब्द बहुतेक ठिकाणी सापडतो.

याचा आणखी एक फायदा. डॉल्बीच्या बहुस्पीकरी आवाजात संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी असतात. टीव्हीला तो नसतो, तेव्हा संवाद दबलेले आणि पार्श्वसंगीत डोक्यावर बसलेलं वाटू शकतं. "गाणं ऐकू येतं, बोलणं नाही," असं घरातले आबा म्हणत असतील तर त्यांच्या कानांना दोष देण्याआधी ही सेटिंग स्टीरिओवर नेऊन बघा. टीव्हीच्या साउंड मेन्यूत संवाद उठावदार करणारा पर्याय असेल तर तोही लावा. जाहिरात लागली की आवाज चढतो, ही तक्रार असेल तर तिथलाच "ऑटो व्हॉल्यूम" चालू करा, बराच फरक पडतो. होमथिएटर असेल तर मात्र डॉल्बीच राहू द्या आणि आवाज त्याच्याच रिमोटने हलवा.

रिमोट मुळातच मुका असेल तर

मोबाइलचा कॅमेरा उघडा, रिमोटचं तोंड कॅमेऱ्याकडे करा आणि आवाजाचं बटण दाबून धरा. स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट बोलतोय. डोळ्यांना हा प्रकाश दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात तो गाळला जातो, तेव्हा सेल्फीच्या कॅमेऱ्याने बघा. बाकीच्या बटणांना ठिपका दिसतो आणि फक्त आवाजाच्या बटणाला नाही, तर त्या बटणाखालचं रबर झिजलंय. आवाज आणि चॅनेल ही दोन बटणंच आपण सगळ्यात जास्त बडवतो.

ठिपका कुठल्याच बटणाला नसेल तर सेल. दोन्ही एकदम बदला, एक नवा एक जुना नको. स्प्रिंगवर पांढरी-हिरवी पूड जमली असेल तर कोरड्या फडक्याने पुसा, मग पेन्सिलच्या रबराने घासा.

ठिपका दिसतो पण टीव्ही ऐकत नाही? मग वाट अडलीय. आपल्याकडे रिमोटला प्लास्टिकची पिशवी चढवून वर रबरबँड लावायची पद्धत आहे. ती वर्षभरात पिवळी पडते, तोंडाशी चुण्या पडतात, किरण आत अडकतात. मावशीच्या रिमोटची पिशवी काढल्यावर आत हळदीचा हात दिसला, तो कधीचा ते तिलाही सांगता येईना. पिशवी ठेवायचीच असेल तर तोंडाकडचा भाग कापून टाका. टीव्हीच्या खालच्या पट्टीवर सेन्सर असतो, त्यापुढे गणपतीची मूर्ती किंवा साउंडबार आलाय का बघा. आणि गणपती-दिवाळीत टीव्हीजवळ लुकलुकणारी माळ लावल्यापासून त्रास सुरू झाला असेल तर माळ पाच मिनिटं बंद करून बघा.

बॉक्सच्या रिमोटला टीव्हीचा आवाज शिकवा

हे एकदा जमलं की दोन रिमोटांचा संसार संपतो. बॉक्सच्या बऱ्याच रिमोटांवर "टीव्ही" लिहिलेल्या चौकटीत तीन-चार बटणं वेगळी असतात, ती शिकाऊ असतात. प्रत्येक कंपनीची शिकवायची बटणं निराळी, त्यासाठी बॉक्सबरोबर आलेला कागद किंवा कंपनीचं मदतीचं पान बघा. मूळ कृती मात्र सारखी असते.

टीव्ही बंद करा, नाहीतर मध्येच तो चालू-बंद होत बसतो. दोन्ही रिमोट सपाट टेबलावर, तोंडासमोर तोंड करून, मध्ये दोन बोटांचं अंतर ठेवून मांडा. खिडकीचं ऊन त्यांच्यावर नको. बॉक्सच्या रिमोटवर सांगितलेलं बटण किंवा बटणांची जोडी दाबून धरा, लाल दिवा लागून राहील. आता त्यावरचं आवाज वाढवायचं बटण एकदा दाबून सोडा, मग टीव्हीच्या रिमोटवरचं तेच बटण सेकंदभर दाबा. लाल दिवा दोनदा मिचकला की धडा पाठ झाला. तसंच कमी करायचं, म्यूट, आणि टीव्ही चालू-बंद. शेवटी सेव्ह.

पहिल्या फेरीत जमत नाही, मला तरी कधी जमलेलं नाही. रिमोट अर्धा बोट वर-खाली सरकवा, कारण प्रत्येकाचा दिवा बरोबर मधोमध नसतो. टीव्हीच्या रिमोटखाली एक वही सरकवली आणि मावशीचा धडा लगेच पाठ झाला. काही रिमोट सेल काढल्यावर शिकलेलं विसरतात, तेव्हा सेल बदलताना रेंगाळू नका.

शिकवल्यानंतर बॉक्सचा आवाज बदलायची सोय त्या रिमोटवरून जाऊ शकते. म्हणून आधी बॉक्स पूर्णवर न्या, मग शिकवायला बसा.

टीव्ही आणि बॉक्स एचडीएमआयने जोडलेले असतील तर कधी न शिकवताही एक रिमोट दोन्ही चालवतो. ती सोय टीव्हीच्या मेन्यूत सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीमध्ये सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक अशा नावाने असते. मात्र बॉक्सनेही ती मानायला हवी. आणि आवाज मनाने उड्या मारत असेल, एक बंद केलं की दुसरंही बंद होत असेल, तर हीच सोय बंद करून बघा.

साउंडबार असेल तर

टीव्हीचा रिमोट दाबल्यावर "आवाज बदलता येणार नाही" अशा अर्थाचा संदेश आला तर टीव्हीने आवाज बाहेरच्या स्पीकरकडे सोपवलाय. साउंड आउटपुटमध्ये जाऊन "टीव्ही स्पीकर" करा, किंवा साउंडबार खरंच असेल तर त्याची एचडीएमआयची वायर टीव्हीच्या "एआरसी" लिहिलेल्या भोकातच जाते ना ते पाहा. ऑप्टिकल वायर असेल तर बऱ्याच टीव्हींचा रिमोट साउंडबारचा आवाज हलवत नाही, त्याला इलाज साउंडबारचाच रिमोट. घरात कुणी ब्लूटूथचा हेडफोन जोडून विसरलंय का, हेही इथेच कळतं.

आवाज आपोआप वाढत किंवा कमी होत असेल तर दोन्ही रिमोटांचे सेल काढा. थांबला तर एखादं बटण अडकलंय, चहा-साखरेचा पराक्रम. नाही थांबला तर टीव्हीच्या कडेचं किंवा पाठीमागचं बटण दाबलं गेलंय, भिंतीला टीव्ही चिकटवून लावलेल्या घरांत हे होतं.

एका बाजूनेच आवाज: लाल-पांढऱ्या पिना पूर्ण आत ढकला. आवाज अजिबात नाही: आधी दोन्हींचा म्यूट, मग एचडीएमआयची वायर बंद टीव्हीवर काढून दुसऱ्या भोकात. आवाज ठरावीक आकड्यापुढे जातच नाही: टीव्हीच्या सेटिंगमध्ये कमाल आवाजाची मर्यादा, किंवा हॉटेल मोड (हॉटेलातल्या टीव्हीचा आवाज बांधून ठेवणारी सेटिंग) चालू आहे का बघा. यातलं काहीच लागू पडलं नाही तर दोन्हींचे प्लग भिंतीतून दोन मिनिटं काढून ठेवा. फॅक्टरी रीसेट अगदी शेवटी, त्यात आवडीच्या चॅनेलची यादी पुसली जाऊ शकते आणि ती पुन्हा लावून द्यायला तुम्हालाच बोलावणार.

नवाच रिमोट घ्यावा लागला तर महाराणी रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाण्याआधी टीव्हीच्या आणि बॉक्सच्या पाठीवरच्या स्टिकरचा फोटो काढा आणि जुना रिमोट खिशात टाका. नुसतं "अमक्या कंपनीचा द्या" म्हटलं की दिसायला तसाच रिमोट मिळतो, आवाज सोडून बाकी सगळं चालवणारा. बदलून मिळेल ना, हे पैसे देण्याआधी विचारा.