बारावी मानसशास्त्राचा पेपर: कंस वाचा बाप्पा!

हॉलतिकीट, दोन निळे पेन, पाण्याची बाटली. हे काही सांगायचं नाही. केंद्र तालुक्याला असेल तर पहिली एसटी धरा; पेपर 11 चा असला तरी साडेदहाला वर्गात बसलेलं पाहिजे. हरभरा सोंगायचे दिवस असतात, पेपरच्या सकाळी कुणी वावरात हाक मारली तर सरळ नाही म्हणा.

लेखी 80, बाकीचे 20 प्रकल्पाचे. वेळ 3 तास, शेवटी वाढीव 10 मिनिटं. एकेका गुणाचे प्रश्न पुस्तक दोनदा वाचलं की निघतात.

खरी मेख शब्दमर्यादेत आहे. संकल्पना 25-30 शब्दांत, छोटी उत्तरं 35-40, टीप 50-60, मोठं उत्तर 150-200. आपल्या एका ओळीत किती शब्द बसतात ते आजच मोजा. माझे आठ बसतात, म्हणजे टीप सात ओळींत संपली पाहिजे.

आणि टिपेपुढचा कंस. त्यात मुद्दे दिलेले असतात, त्यांवरच लिहायचं असतं. मी तो वाचलाच नाही. भावनिक बुद्धिमत्ता दिसली आणि सुटलो: ही संकल्पना मांडणारे सॅलोवे-मेयर 1990, ती लोकप्रिय करणारं गोलमनचं 1995 चं पुस्तक, दोन पानं भरली. कंसात विचारलं होतं भलतंच. निकालानंतर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली, तर दोन पानांशेजारी लाल शाईत 1. शिवाय त्या नादात शेवटचं मोठं उत्तर अर्धवट राहिलं ते वेगळंच. म्हणून कंस वाचा. प्रश्नपत्रिकेवर खुणा करायची मुभा नाही, तेव्हा कंसातलेच शब्द उत्तरात उपशीर्षक म्हणून उतरवा आणि मगच लिहा.

बुद्धिगुणांकाचं सूत्र लिहून पाठ करा: मानसिक वय भागिले शारीरिक वय, गुणिले 100. मानसिक वय 12, शारीरिक वय 10, तर 120. भागाकार उलटा केला की हुशार पोरगं 83 वर येतं! फरक विचारला तर मधे रेघ मारा, दोन्हीकडे एकाच मुद्द्यावर बोला. बुद्धिमत्तेच्या सिद्धांतांत स्पिअरमनचे दोन घटक, थर्स्टनच्या सात क्षमता. यात गल्लत नको.

प्रकल्प डिसेंबरात उरका, ज्यांना प्रश्न विचारले त्यांची नावं त्यात घालू नका, गाव लहान आहे. जुने तीन पेपर घड्याळ लावून. कंस. झोप.

परतीच्या गाडीला वेळ असतो, तोवर स्टँडवर उत्तरं जुळवत बसू नका.