व्हिडिओ कॉलवरून ब्लॅकमेल: तक्रार करताना या चुका टाळा

फेसबुकवर एका मुलीची रिक्वेस्ट येते, दोन दिवस गोड बोलणं होतं, मग रात्री व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ कॉल. समोरची बाई कपडे उतरवते आणि तुम्हालाही सांगते. पुष्कळदा ती बाई तिथे नसतेच, आधी रेकॉर्ड केलेली क्लिप लावलेली असते. कॉल तुटतो आणि थोड्याच वेळात तुमचाच व्हिडिओ तुम्हाला येतो. सोबत फ्रेंडलिस्टचे स्क्रीनशॉट: बहीण, मामा, देवस्थान समितीतली माणसं. ‘पैसे टाक, नाहीतर सगळ्यांना पाठवतो.’ मुलींच्या बाबतीत धमकी देणारा कधी सोडून दिलेला मित्रही असतो.

माझ्या मावसभावावर ही वेळ आली, तेव्हा त्याने कोणाला सांगायच्या आधी तीनदा पैसे भरले होते. आपल्या गोव्यात वाड्यावर सगळे सगळ्यांना ओळखतात. ठाण्यावर गेलो तर तिथेही कोणीतरी ओळखीचा निघेल, या धास्तीने तो आठवडाभर गप्प राहिला. त्याच्यासोबत धावपळ करताना जे कळलं, ते इथे लिहिते आहे.

‘एकदा देऊन टाकू, विषय संपेल’

पैसे दिले की तुम्ही देणारे आहात एवढंच त्यांना कळतं. दुसरी मागणी पहिलीपेक्षा मोठी असते. गयावया करू नका, मुदत मागू नका, शिव्याही देऊ नका. आधी पुरावा ठेवा, मग ब्लॉक करा.

घाबरून सगळं डिलीट करणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. भावाने चॅट पुसलं, अकाउंटही बंद केलं, आणि नंतर पोलिसांना दाखवायला बँकेचे मेसेज तेवढे उरले. धमकीचे मेसेज, फोन नंबर, कॉलची वेळ, यूपीआय आयडी, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा. प्रोफाइलचं नाव आणि फोटो पुरेसे नाहीत, ते दोन मिनिटांत बदलतात. प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा. एकदाच दिसणारा मेसेज असेल तर दुसऱ्या फोनने त्याचा फोटो घ्या. मूळ फोन रिसेट करू नका. नातेवाइकांपर्यंत पोचू नये म्हणून फ्रेंडलिस्ट लपवा किंवा अकाउंट तात्पुरतं निष्क्रिय करा, पण कायमचं काढून टाकू नका.

दुसऱ्या दिवशीच्या ‘साहेबा’वर विश्वास

ब्लॉक केल्यावर नवा फोन येतो. वर्दीतला फोटो, जरबेची हिंदी: ‘दिल्ली सायबर सेलमधून बोलतोय, त्या मुलीने आत्महत्या केली, तुझ्या नावावर केस आहे.’ किंवा यूट्यूबचा अधिकारी म्हणून कोणीतरी व्हिडिओ काढायची फी मागतो. हे त्याच टोळीतले असतात. कोणताही पोलीस फोनवर पैसे घेऊन केस मिटवत नाही, आणि ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट कायद्यात नाही. ‘हॅक करून व्हिडिओ पुसून देतो’ म्हणणाऱ्यांनाही पैसे देऊ नका.

१९३० ला उशिरा फोन करणं

पैसे गेले असतील तर पहिला फोन सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला, १९३० ला. पैसे एका खात्यातून पुढच्या खात्यात पळवायच्या आत कळलं तरच बँक ते अडवू शकते. व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेच्या मेसेजमध्ये येणारा त्या व्यवहाराचा क्रमांक), वेळ आणि रक्कम हाताशी ठेवा. अडवलेले पैसे परत मिळवायला न्यायालयात अर्ज करावा लागू शकतो, म्हणून पावत्या जपा. पैसे गेले नसतील, नुसती धमकी असेल, तरी सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार करता येते.

पोर्टलवरची पोच म्हणजे एफआयआर समजणं

पोच क्रमांक मिळाला की अनेकजण थांबतात. एफआयआर वेगळी. गोव्याचं सायबर क्राइम पोलीस ठाणं रायबंदरला आहे, पण दक्षिण टोकाच्या काणकोणच्या माणसाने आधी तिथवरच यायला हवं असं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, कोणत्याही ठाण्यावर माहिती देता येते. इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते.

आम्हाला एका ठाण्यावर ‘हे सायबरवाल्यांचं काम’ म्हणून परत पाठवलं होतं. आयटी कायद्यातल्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो हे खरं, पण म्हणून तक्रार नाकारता येत नाही. नाकारलीच तर लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, आणि तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

लाजेपायी अर्धीच गोष्ट सांगणं

‘मी काहीच केलं नाही, फोन हॅक झाला’ असं भावाने पहिल्यांदा लिहिलं. तपासात ते टिकत नाही आणि खऱ्या भागावरही शंका येते. दोन सज्ञान माणसांनी मर्जीने केलेला खासगी कॉल हा तुमचा गुन्हा नव्हे. धमकी देऊन पैसे उकळणं हा गुन्हा आहे. तारीखवार, जसं घडलं तसं लिहा. कायदा फक्त बायकांच्या बाजूने आहे, असं पुरुषांना वाटतं. ते चूक. भारतीय न्याय संहितेचं खंडणीचं कलम ३०८ आणि आयटी कायद्याचं ६६ ई (खासगी अवयवांचं संमतीविना चित्रण वा प्रसार) तक्रारदार पुरुष असला तरी तितकंच लागू आहे.

वकील परवडणार नाही म्हणून गप्प बसणं

महिला, मुलं, दिव्यांग आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. विधी सेवेचा नंबर १५१००.

व्हिडिओ पसरायची भीती असेल तर स्टॉपएनसीआयआय डॉट ऑर्ग ही वेबसाइट वापरा. तिथे फोटो किंवा व्हिडिओ अपलोड होत नाही, तुमच्याच फोनवर त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या तो जुळवून मजकूर अडवतात. ही सोय अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे.

मूल अठराच्या आतलं असेल तर मात्र तो फोटो कोणालाही, अगदी पुरावा म्हणून नातेवाइकालाही, पाठवू नका. फोन आहे तसा पोलिसांकडे न्या आणि मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला, १०९८ ला कळवा. त्या मुलाला रागावायचं असेल तर ते पुढे कधीतरी. आज रात्री त्याला एकटं झोपू देऊ नका. भावाला त्या आठवड्यात जिवाचं बरंवाईट करून घ्यावंसं वाटत होतं, हे आम्हाला नंतर कळलं. असे विचार येत असतील तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ चोवीस तास चालू असतो, आणि बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. पोलिसांकडे जायच्या आधी तिथे गेलात तरी चालेल.