महागडा फ्रॉक घेताय? आधी तो उलटा करून बघा

डोंबिवलीत आमच्या पुढच्या खोलीत माझं शिवणयंत्र एकतीस वर्षं चालू आहे. पूर्वी मी झबली-टोपडी, परकर-पोलकी शिवायचे. आता निम्मं काम दुसऱ्यांनी शिवलेलं उसवायचंच असतं. लोक मुलांचे हजारो रुपयांचे कपडे घेऊन येतात आणि म्हणतात, "काकू, हे तिला टोचतंय, आतून काहीतरी लावून द्या ना." त्यामुळे लहान मुलांना डिझायनर कपडे घ्यावेत का, असं कुणी विचारलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तो कपडा आतून बघितलात का?

गेल्या मार्गशीर्षात एक फ्रॉक आला होता. पहिल्या वाढदिवसासाठी घेतलेला, साडेआठ हजारांचा. वरून बघाल तर परीच. आतून कडक जाळीचे तीन थर, अस्तर फक्त कमरेपर्यंत, तेही सॅटिनचं. टिकल्या तंगूसाच्या दोऱ्याने लावलेल्या आणि त्या दोऱ्याची टोकं नेमकी काखेत आलेली. तंगूस म्हणजे मासे पकडायचा तो पारदर्शक दोरा. स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला घासून बघा, मग कळेल वर्षाचं मूल का रडतं ते. मी दोन तास बसून मलमलीचं अस्तर लावलं, साडेतीनशे रुपये घेतले. नंतर तिची आई भेटली तेव्हा सांगत होती, केक कापला, फोटो झाले आणि चाळीस मिनिटांत बाई चड्डी-बनियनवर आल्या.

हौसेला मोल नसतं हे मलाही मान्य आहे. आजी-आजोबांना नात नटलेली बघायची असते, त्यात वाईट काय? पण हौस करतानाही हिशेब येतोच, आणि मुलांच्या कपड्याचा हिशेब कापडाच्या किमतीवर करायचा नसतो. तो अंगावर किती वेळा चढणार, त्यावर करायचा.

करून बघा. जन्मतः बाळ साधारण 50 सेंटीमीटर लांब असतं आणि पहिल्या वर्षात जवळजवळ 25 सेंटीमीटर वाढतं. पुढचे 25 वाढायला त्याला तीन वर्षं लागतात. म्हणजे पहिल्या वर्षात चार मापं बदलतात आणि एकेक माप जेमतेम तीन महिने पुरतं. अडीचशे रुपयांचं होजिअरीचं झबलं तीन महिने दिवसाआड घातलं तर पंचेचाळीस वेळा अंगावर चढतं. एका वेळेचे साडेपाच रुपये. तो साडेआठ हजारांचा फ्रॉक अगदी तीन लग्नांत मिरवला तरी एका वेळेचे अठ्ठावीसशे होतात. म्हणून माझा साधा नियम: वर्षाच्या आत महाग काही नाही. खर्चाची हौस दोन वर्षांनंतर करा. तोवर वाढही मंदावते आणि मूल "मला हाच हवा" असं सांगायलाही लागतं.

आता दुकानात गेल्यावर काय करायचं ते सांगते. विक्रेता कितीही घाई करू दे, कपडा उलटा करा. शिलाई ओठांना लावून बघा. हसू नका, बोटांची कातडी जाड झालेली असते, ओठांना खरं कळतं. मान, काखा आणि कंबर, या तीन जागी कडक काही लागलं तर कपडा खाली ठेवा. मग एक टिकली नखाने ओढा. सुटली तर ती उद्या बाळाच्या तोंडात जाणार. बटणांनाही तसंच ओढा. रोजच्या कपड्याला बटणांपेक्षा टिचबटणं बरी, आणि तीही पायांच्या मध्ये हवीत, म्हणजे दर वेळी लंगोट बदलताना बाळाला अख्खं सोलावं लागत नाही.

गळ्याचं माप टेपने घ्या. जन्मतः डोक्याचा घेर 34-35 सेंटीमीटर असतो, वर्षाचं होईपर्यंत 46 च्या आसपास जातो. गळा ताणून तेवढा होत नसेल आणि खांद्याला उघडायची सोयही नसेल, तर तो कपडा घालताना रोज रडारड. छोट्या शेरवान्यांमध्ये हा घोळ मी फार पाहिलाय. गळा मोठ्या माणसांच्या नमुन्यावरून छोटा करून कापलेला असतो, पण बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, हे कापणाऱ्याच्या ध्यानातच नसतं.

गळ्याशी गोंडे, लटकनं, नाड्या असतील तर घेऊ नका. युरोपात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्याला गळ्याशी किंवा टोपीला नाडी चालत नाही, तसा मानकच आहे. आपल्याकडे मात्र कुर्त्याच्या पाठीवर दोन-दोन लटकनं झुलत असतात आणि मूल घसरगुंडीवर चढतं. माझ्याकडे कुणी लटकनं लावायला सांगितलं तर मी सरळ नाही म्हणते. दोन गिऱ्हाइकं त्यापायी तुटली, तुटू देत.

मोजे आणि हातमोजे तर हमखास उलटे करून बघायचे. आत सुटलेला धागा असेल तर तो बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो, रक्त अडतं, बोट सुजतं आणि बाळ का रडतंय ते कुणाला कळत नाही. हे स्वस्त मोज्यात होतं तसं महागातही होतं.

रंग बघायचा असेल तर पर्समधला पांढरा रुमाल पाण्याने ओला करून कपड्याच्या आतल्या बाजूने घासा. रुमाल रंगला की विषय संपला. पाटीवर 'कॉटन' लिहिलंय, पण खात्री नाही? घरी आणल्यावर कडेचा एक धागा काढून जाळा. सुती धागा कागदासारख्या वासाने जळून राख होतो, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. आमच्या डोंबिवलीच्या घामट हवेत पॉलिस्टरचं अस्तर म्हणजे घामोळ्यांना आमंत्रणच.

लेबलंही वाचा. नुसतं 'ऑरगॅनिक' छापलेलं असून भागत नाही, जीओटीएसचं, म्हणजे सेंद्रिय कापडाच्या जागतिक प्रमाणपत्राचं, चिन्ह हवं. ओईको-टेक्सचं चिन्ह असेल तर कापडात घातक रसायनं आहेत का याची तपासणी झालेली असते, आणि तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी त्यातली पहिली, सगळ्यात कडक श्रेणी असते. असं काही असेल तर चार पैसे जास्त मोजायला माझी हरकत नाही. नावाचे पैसे मात्र कशाला? माझा भाचा न्यू जर्सीहून बारशाला आला, मोठ्या कौतुकाने तिथल्या नावाजलेल्या दुकानातले बाळाचे कपडे घेऊन. मी उलटे केले. लेबलावर लिहिलेलं, भारतात तयार. तमिळनाडूतल्या तिरुपूरला होजिअरीचा केवढा कारभार आहे, तिथून जगभर माल जातो. केरळातली किटेक्स तर अमेरिकेतल्या तान्ह्या मुलांचेच कपडे करते. कपड्यांनी दोनदा समुद्र ओलांडला होता आणि विमानाचं भाडं आम्ही भरलं होतं!

बुटिकमध्ये शिवलेला कपडा घेत असाल तर एक आकडा लक्षात ठेवा: 2,500. सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्याला 5 टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर गेलं की 18 टक्के. 2,400 चा फ्रॉक बिलात 2,520 ला पडतो आणि 2,600 चा 3,068 ला. दोनशेच्या फरकाने साडेपाचशे जातात. घासाघीस करायची तर त्या रेषेच्या अलीकडे आणण्यासाठी करा.

मग पैसे घालायचे कुठे? रोज अंगाला लागणाऱ्या कपड्यावर. मऊ इंटरलॉक, म्हणजे दुहेरी विणीची होजिअरी, चपट्या शिलाईची, पाच-सहाच नग, पण चांगले. आणि घरी शिवणार असाल तर मलमल. एका मीटरमध्ये तान्ह्या बाळाची तीन झबली निघतात. बंद बाजूला ठेवा, म्हणजे नाळ पडेपर्यंत बेंबीला काही घासत नाही. कुठलाही नवा कपडा एकदा धुतल्याशिवाय बाळाला घालू नका. जुन्या बायका पहिले दिवस बाळाला जुन्या धोतराचं, लुगड्याचं झबलं घालायच्या, ते उगाच नव्हतं. शंभर धुण्यांनी मऊ झालेलं कापड कुठल्याच दुकानात मिळत नाही.

थंडीच्या देशात राहणाऱ्यांचा हिशेब वेगळा. त्याच भाच्याच्या बायकोने मुलासाठी भारी कोट घेतला तेव्हा मी नाक मुरडलं होतं. पण तो नोव्हेंबर ते मार्च रोज वापरला गेला आणि नंतर धाकट्यालाही झाला. तो महाग म्हणता येणार नाही. महाग पडला तो मी घेतलेला लोकरी जोड. नातीच्या पहिल्या हिवाळ्यासाठी अडतीसशे रुपये मोजले, आणि डोंबिवलीत हिवाळा म्हणजे पंखा एक आकडा कमी करायचा. महाबळेश्वरला दोनदा घातला, संपला. इतरांना शहाणपण शिकवणारी मीच ती.

सणासमारंभाचं सांगते, कारण खरा खर्च तिथेच होतो. बारशाला नटवायचंच असेल तर कुंचीवर पैसे घाला. झबलं तीन महिन्यांत जातं, कुंची वर्षभर येते, सगळे फोटो तिच्यात छान दिसतात आणि ती घराण्यात फिरते. वरून खरा खण, कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा मिळाला तर उत्तम, आतून मलमल. गळ्याशी मी बंद लावत नाही, टिचबटण लावते.

परकर-पोलक्याला कापड भारी घ्या, पण शिंप्याला बजावून सांगा: परकराला खाली तीन इंच आत दाबून ठेव, पोलक्याच्या दोन्ही बाजूंना इंच-इंच. दर दिवाळीला एकेक इंच उसवायचं. असा परकर दीड वर्षाच्या मुलीला चौथ्या वर्षापर्यंत जातो. तयार डिझायनर कपड्यात बहुतेक वेळा हे आतलं कापडच नसतं, कडेला अर्धा सेंटीमीटर ठेवून कापून मोकळे. म्हणून तो वाढवता येत नाही, आणि म्हणूनच माझ्या लेखी तो महाग. दुकानात कपडा उलटा केलात की हेही बघा, बाजूच्या शिवणीत किती कापड दाबलंय. बोटभर असेल तर शिवणारा शहाणा आहे.

बोरन्हाणाला मात्र नवं काहीच घेऊ नका, मागून आणा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीतरी एक संध्याकाळ, काळा कपडा, वर हलव्याचे दागिने. हलवा घामाने चिकटतो, डोक्यावरून बोरं-चुरमुरे-उसाचे तुकडे पडतात, आणि काळा कपडा एरवी बाळाला कुणी घालत नाही. आमच्याकडे 1998 साली आईच्या जुन्या सुती चंद्रकळेतून मी मुलासाठी एक झबलं शिवलं होतं. त्यात आतापर्यंत सात मुलांची बोरन्हाणं झाली. आत दाबलेलं कापड आता संपलंय, काखेत मी ठिगळ लावलंय, दागिन्यांखाली दिसत नाही.

असे कपडे जपून ठेवताना एक चूक सगळे करतात. ट्रंकेत डांबरगोळ्या टाकतात. बाळाच्या कपड्यांत त्या कधीही टाकू नका. काही बाळांच्या रक्तात जी6पीडी नावाच्या घटकाची जन्मतः कमतरता असते, आणि डांबरगोळ्यांच्या वासाने, म्हणजे त्यातल्या नॅप्थलीनने, त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ वाढते. कमतरता आहे की नाही हे तपासल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे कुणाकडून जुना भारी कपडा मिळाला आणि त्याला तो वास असेल, तर नुसता उन्हात टाकून बाळाला घालू नका. सरळ नाही म्हणा. आम्ही धुऊन, कडक वाळवून, वाळलेला कडुनिंबाचा पाला फडक्यात बांधून ठेवतो.

आहेर करणाऱ्यांनी 'इतक्या महिन्यांचं' हे लेबल बघून घेऊ नये. प्रत्येक कंपनीचे महिने वेगळे. सेंटीमीटर लिहिलेले असतील तर ते बघा: 62, 68, 74, 80, हे बाळाच्या उंचीचे आकडे असतात. आणि आजचं माप न घेता पुढच्या वर्षाचं घ्या, पण ऋतू मोजून. जूनमध्ये जन्मलेल्या बाळाला वर्षाच्या मापाचं स्वेटर दिलंत तर ते ऐन पावसाळ्यात मापाला येईल.

तो साडेआठ हजारांचा फ्रॉक परवा माझ्याकडे परत आला. पोरगी वाढली, बाजूला सोडायला कापड नाही. "काकू, ह्याचं काही होईल का?" मी उसवला. माझ्याच मलमलीच्या अस्तरातून दोन लाळेरी निघाली, जाळीच्या कांदे-बटाट्यांच्या तीन पिशव्या झाल्या. टिकल्या डब्यात काढून ठेवल्यात, कुणाला शाळेच्या नाटकासाठी हव्या असतील तर घेऊन जा.