घर पाहायला जानेवारीत जा
इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर किंवा कॉट्सवोल्ड्सच्या खेड्यात राहायला जायचं मनात असेल, तर ऑगस्टच्या उन्हाला भुलू नका. जानेवारीतल्या एखाद्या मंगळवारी संध्याकाळी सहाला गावातून चक्कर मारा. अंधार पडलेला असतो. किती खिडक्यांत दिवे लागलेत ते बघा; म्हणजे वर्षभर किती जण राहतात ते कळेल. कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्हज गावात सुट्टीपुरती घरं इतकी वाढली, की २०१६ साली लोकांनी सार्वमतात कौल दिला: नवीन घर कायम राहणाऱ्यालाच. खेड्यात घर गरम ठेवायला गॅसची पाइपलाइन आहे की तेलाची टाकी, सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये जातं का, हे विचाराच. गाडी चालवत नसाल तर रविवारी बस आहे का, हे माझ्या मते सगळ्यात आधी. पुराचा धोका सरकारी संकेतस्थळावर पोस्टकोड टाकून फुकट पाहता येतो.