‘हर स्टोरी’त अडकलात? शोधपट्टीत काय टाकायचं ते सांगते

‘हर स्टोरी’ हा शब्द शोधत पोलिसी व्हिडिओ पाहून तपास करायचा कॉम्प्युटर गेम. तो घ्या, सुरू करा, सबटायटल चालू ठेवा, वही-पेन जवळ असू द्या. तयारी संपली.

समोर येतो जुन्या डबा मॉनिटरचा पडदा. ब्रिटिश पोलिसांचा संगणक, जाड कडांच्या खिडक्या, काचेवर ट्यूबलाइटची तिरीप. आत १९९४ साली एका बाईने दिलेल्या सात जबाबांचे व्हिडिओ आहेत, अडीचशेहून जास्त तुकडे करून ठेवलेले. तिचा नवरा सायमन बेपत्ता झालाय. काचेवरची चकाकी घालवायची सोय आहे, ती वापरू नका. का ते खेळताना कळेल. डेस्कटॉपवरच्या ‘रीड मी’ फायली आधी वाचा. मी त्या न उघडता पुढे गेले आणि दोन संध्याकाळी वाया घालवल्या.

शोधपट्टीत ‘मर्डर’ हा शब्द आधीच टाइप केलेला असतो. एंटर दाबा, आलेल्या क्लिपा पाहा. इथपर्यंत कुणीच अडकत नाही.

अडकतो तो यापुढे. ‘नावं टाकत राहा’ असा सल्ला जो तो देतो. मीही ‘सायमन’ टाकलं. ढीगभर नोंदी सापडल्याचा आकडा आला आणि बघायला मिळाल्या फक्त पाच. पुन्हा टाकलं, पुन्हा त्याच पाच. मग ‘किलर’, ‘वेपन’, ‘पोलीस’ असं काहीबाही बडवत बसले. बहीण मागून म्हणाली, “ताई, तू तपास करतेयस की गूगल?” राग आला, पण खरं होतं.

गोम अशी आहे. एका शब्दाला कितीही क्लिपा सापडोत, हा संगणक पहिल्या पाचच दाखवतो, आणि त्या तारखेच्या क्रमाने लावलेल्या असतात. म्हणजे सगळीकडे येणारा शब्द टाकलात की पहिल्या जबाबातलं, सांभाळून बोललेलं तेवढं हाती लागतं. बाई घसरते ती नंतरच्या जबाबांत, आणि तिथवर तुमचा शब्द पोचतच नाही. त्यामुळे नाव हा सगळ्यात कुचकामी शब्द. शोध घ्यायचा तो क्वचित येणाऱ्या शब्दाचा. ती बोलता बोलता एखादी वस्तू, एखादं गाव, एखादा खेळ, एखादं नातं उगाच मध्ये आणते ना, तो शब्द वहीत टिपा आणि नेमका तोच टाका. आकडा पाचाच्या आत आला की जिंकलात. पाचाच्या वर गेला तर जोडीला दुसरा शब्द द्या.

दुसरी खोच: पोलिसांचे प्रश्न ऐकूच येत नाहीत, फक्त उत्तरं आहेत. म्हणून प्रश्नातला शब्द टाकून काही मिळत नाही. ‘अॅलिबी’, म्हणजे गुन्ह्याच्या वेळी दुसरीकडे असल्याचा पुरावा, हा शब्द पोलिसाच्या तोंडी शोभतो. ज्याच्यावर संशय आहे तो माणूस ‘मी तेव्हा अमुक ठिकाणी होते’ असं म्हणतो. मी वहीत पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे पोलिसाने काय विचारलं असेल ते, उजवीकडे ती ते कोणत्या शब्दांत सांगेल ते. टाइप करायचं ते उजवीकडचं. आणि बाई ब्रिटिश आहे हे विसरू नका. आईसाठी ‘मॉम’ टाकून हात हलवत परत याल, ‘मम’ टाका. स्पेलिंगही तिकडचीच.

सगळे शब्द तयार लिहून दिलेल्या याद्या इंटरनेटवर पडल्यात. त्या बघितल्यात तर हा गेम घेतलाच कशाला? यात धावपळ नाही, गोळीबार नाही. शब्द सुचण्याचा क्षण हाच सगळा खेळ. सॅम बार्लोने २०१५ मध्ये काढलेल्या या गेममध्ये दुसरं करण्यासारखं फारसं काही नाहीच.

क्लिप बघताना कान जेवढे लावाल तेवढेच डोळेही लावा. कोपऱ्यात तारीख-वेळ असते. प्रत्येक जबाबाचे कपडे वेगळे, केस वेगळे बांधलेले. मी तारखेशेजारी कपडे लिहीत गेले, तेव्हा कुठला तुकडा कुठल्या दिवसाचा हे पाहताक्षणी कळायला लागलं. तिच्या हातांकडेही बघत जा. याहून जास्त सांगितलं तर शिव्या घालाल.

महत्त्वाच्या क्लिपेला स्वतःचा टॅग लावता येतो आणि तो टॅग शोधताही येतो. लावा.

डोकं तापलं तर कचरापेटी उघडा, आत रिव्हर्सीसारखा, सोंगट्या उलटवायचा एक पटावरचा खेळ टाकून दिलेला आहे.

किती क्लिपा बघून झाल्या हे दाखवणारा चौकोनांचा तक्ता डेस्कटॉपवरच आहे. तो पूर्ण भरायच्या मागे लागू नका. काही क्लिपांत ती फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणते. तो शब्द टाकला की पुन्हा पहिल्या पाचच पुढे येतात. माझ्या तक्त्यात असे काही चौकोन अजून तसेच राहिलेत, आणि सायमनचं काय झालं ते मला त्यांच्यावाचूनच कळलं.